नवी बॉडी घेतली, आता लेन्ससाठी एफडी मोडू का?

ताई, नमस्कार. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. तुम्ही ऐरोलीला राहता, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहात, घरात कमावत्या तुम्ही एकट्या. हातात महिन्याला ६२,००० येतात. घराचा हप्ता २१,५००, घरखर्च आणि मुलीची शाळा मिळून २७,०००, एसआयपी ६,०००. अडीअडचणीसाठी १,५०,००० ची एफडी आहे. दिवाळीत तुम्ही जुन्या निकॉन डी९० कॅमेऱ्यावरून सेकंड-हँड डी७५०० च्या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) आलात, ३८,००० रुपये रोख मोजून. आता खाडीवरचे पक्षी टिपायला २००-५०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी आहे. नवी १,०५,००० ला मिळते आणि दुकानदार १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतोय. ईएमआय घेऊ की एफडी मोडू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय बारशाची, वाढदिवसाची कामं ६,००० रुपयांनी मिळू लागली आहेत, तेव्हा लेन्स आपले पैसे आपणच फेडेल, असा तुमचा हिशोब आहे.

माझं म्हणणं असं: ईएमआयही नको आणि एफडीला हातही नको. लेन्स घ्या, पण पुढच्या नोव्हेंबरात, वापरलेली, आणि त्यासाठीच बाजूला टाकलेल्या पैशांतून. पक्ष्यांचा हा सीझन भाड्याच्या लेन्सवर काढा.

आधी कॅमेऱ्याबद्दल, कारण तो व्यवहार तुम्ही चोख केलात. वाशीच्या भावे नाट्यगृहात मुलीच्या नाचाचे फोटो आयएसओ ६४०० वर काढले (कमी उजेडात हा आकडा वाढवावा लागतो, आणि तो वाढला की फोटोत दाणे येतात) आणि साडीच्या काठाची जर सुटी सुटी दिसली, डी९० वर १६०० च्या पुढे नुसते दाणे यायचे, असं तुम्ही लिहिलंय. ते नवेपणाच्या कौतुकातून आलेलं नाही. डी९० २००८ चा, डी७५०० २०१७ चा. मधल्या नऊ वर्षांत सेन्सर खरोखरच कुठल्या कुठे गेले. फोकसचे बिंदू ११ चे ५१ झाले, सेकंदाला साडेचार फ्रेमच्या आठ झाल्या. जुनी १८-१०५ आणि ५० मिमी डी, दोन्ही लेन्स याच बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, म्हणजे तिथे नवा खर्च नाही. शटर काउंट, म्हणजे आजवर झालेले क्लिक, २१,००० आहे आणि निकॉनने हे शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. कर्ज न काढता, एवढी कमी वापरलेली बॉडी ३८,००० ला. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. (नाचाचे ते फोटो प्रिंट करून घ्या. हार्ड डिस्कमध्ये पडून राहिले की मुलगी दहावीला जाईपर्यंत कुणी उघडून बघत नाही.)

आता लेन्स. खाडीवर गेलात, फ्लेमिंगोंचा थवा उडाला, आठ फ्रेमनी सगळा टिपला, आणि १०५ मिमीवर पडद्यावर उमटले ते गुलाबी ठिपके. तिथून हा विषय सुरू झाला. हळहळ अगदी समजण्यासारखी आहे. पण फ्लेमिंगोंसाठी हवी असलेली लेन्स आणि बारशात पैसे मिळवून देणारी लेन्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये, पाळण्यापासून चार हातांवर उभं राहून २०० मिमीने काय काढणार? तिथे तुमची ५० मिमी आणि एक बरा फ्लॅश लागतो. म्हणजे कमाई होणार ती हातातल्या सामानावर, आणि कर्ज होणार ते एक रुपयाही न मिळवणाऱ्या लेन्सवर. पक्ष्यांची लेन्स ही हौस आहे. हौसेला पैसे जरूर खर्चावेत, पण तिला धंद्याची गुंतवणूक म्हणून हिशोबात धरलं की सगळी आकडेमोड बिघडते.

आकडे बघा. पगारातून हप्ता, घरखर्च, एसआयपी गेल्यावर ७,५०० उरतात. लेन्सचा हप्ता येतो ८,७५०. पहिल्याच महिन्यापासून १,२५० कमी. ते एसआयपीतून काढाल, नाहीतर क्रेडिट कार्डावर टाकाल. कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, वर्षाचे ४० टक्क्यांहून जास्त. शिवाय ‘नो-कॉस्ट’ म्हणजे व्याज नाही असं नसतं. व्याजाइतकी सूट वरून वजा करून दाखवतात, बँक मात्र व्याज लावतेच आणि त्या व्याजावर तुम्ही १८ टक्के जीएसटी भरता. १५ टक्के दर धरला तर १,०५,००० मध्ये व्याज ८,००० च्या घरात जातं, त्यावरचा जीएसटी साधारण १,४५०, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. एकरकमी दिले तर ती सूट रोखीत द्याल का, असं दुकानदाराला विचारून बघा.

एफडीचं तर अजिबात मनात आणू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ४८,५०० लागतात. दीड लाख म्हणजे जेमतेम तीन महिने. एकटीच्या कमाईवर घर चालतं तिथे सहा महिन्यांचे पैसे हवेत, म्हणजे २,९१,०००. तुम्ही निम्म्या वाटेवर आहात.

मग भाडं. वाशीच्या दुकानातून तुम्हीच दिवसाला १,२०० चा दर आणलाय. नवी लेन्स घेऊन तीन वर्षांनी ५८,००० ला विकली असं धरू. तुटले ४७,०००, म्हणजे भाड्याचे ३९ दिवस. वर्षाला १३ दिवसांहून जास्त खाडीवर जाणार असाल तरच नवी परवडते. नोकरी आणि मुलगी सांभाळून हे जमेल का, तुम्हीच ठरवा. वापरलेली तुम्हाला ६५,००० ला सांगितली आहे. तीन वर्षांनी ४५,००० आले तर तुटले २०,०००, म्हणजे वर्षाला सहा दिवसांहूनही कमी. एवढे दिवस तुम्ही नक्की जाल. म्हणून वापरलेली घ्या म्हणतो. थांबल्याने भाव चढायचीही भीती नाही. निकॉनने २०१८ मध्ये झेड माउंट, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची नवी मालिका, आणला आणि २०२० नंतर तुमच्यासारखा आरशाचा (डीएसएलआर) नवा कॅमेरा काढलेला नाही; लोक जुनं सामान विकून तिकडे जातायत, त्यामुळे बाजारात या लेन्स येत राहतील. उद्या तुम्हीही तिकडे गेलात तर २००-५०० अॅडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालेल. ५० मिमी डी चा ऑटोफोकस मात्र निकॉनच्या अॅडॅप्टरवर चालणार नाही, हे लक्षात असू द्या.

अजून एक. २००-५०० ही लेन्स ट्रायपॉडच्या कॉलरसकट सव्वादोन किलोच्या वर आहे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणार असाल तर हलत्या बोटीत ती हातात धरून बघा, आणि दुसऱ्या फेरीला ७०-३०० भाड्याने न्या. बोटीतून ३०० मिमीही खूपदा पुरतं. तेवढ्यावर समाधान झालं तर सगळा खर्चच निम्म्याहून खाली येईल.

उरणाऱ्या ७,५०० पैकी ४,५०० ची आरडी अडीअडचणीच्या पैशांत टाका. दहा महिन्यांत ४५,०००, म्हणजे नोव्हेंबरात चार महिन्यांची सोय होईल. ३,००० लेन्ससाठी वेगळ्या खात्यात, त्याचे ३०,०००. बारशा-वाढदिवसांच्या पाच कामांचे ३०,०००. त्यातून भाड्याच्या चार दिवसांचे ४,८०० वजा करा, ५५,२०० उरतात. प्रवास आणि फ्लॅशचा खर्च धरून अजून दोन-तीन कामं लागतील. एसआयपीला धक्का नाही.

डी९० विकायचं मनात आहे ना, तो ठेवा. सात-आठ हजारांसाठी दुसरी बॉडी घालवू नका. पैसे घेऊन काम करताय म्हटल्यावर ऐन बाळाचं नाव ठेवायच्या वेळी कॅमेरा अडला तर काय करणार? बॅटऱ्या मात्र वेगळ्या आहेत, दोन्ही चार्जर न्या. लग्नाचं काम एकटीने घेऊ नका. डी७५०० ला कार्डाचा स्लॉट एकच आहे. कार्ड गेलं तर मंगलाष्टकं परत होत नाहीत. कुणाच्या हाताखाली दुसरी फोटोग्राफर म्हणून जा, तिथे शिकायलाही मिळेल. आणि काम घेण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच खासगी कंपन्यांत दुसरं काम करायला लेखी परवानगी लागते, आणि अकाउंट्सच्या माणसाकडून ही चूक कुणी पोटात घालत नाही. मिळकत रिटर्नमध्ये दाखवा. कामासाठी वापरता त्या प्रमाणात कॅमेऱ्याचा घसारा वजा मिळू शकतो, तो सीएकडून नीट बसवून घ्या.

पावसाळ्यात ऐरोलीच्या हवेत लेन्सला बुरशी धरते आणि मग तिला कुणी निम्मा भावही देत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढं आत्ताच घ्या. नोव्हेंबरात लेन्स बघायला जाल तेव्हा दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर भाव न करता लेन्स परत द्या. स्वच्छ निघाली तर स्वतःच्या डी७५०० वर लावून ५०० मिमीला, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दहा-बारा फोटो काढा, दुकानातच झूम करून तपासा, आणि सिरियल नंबर लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.