यू (yew) या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं धनुष्य पहिल्यांदाच करतोयस?

मग यूची महागडी फळी लगेच घेऊ नकोस. पहिली दोन-तीन धनुष्यं ॲश (ash) झाडाच्या लाकडाची कर, मोडली तरी जीव हळहळणार नाही.

यूची गंमत तिच्या दोन थरांत आहे. सालीलगतचा पांढुरका थर ताण सोसतो, आतला लालसर गाभा दाब. म्हणून पांढरा थर निशाण्याकडे, गाभा तुझ्याकडे. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूवर, शक्यतो एकच वर्षवलय टोकापर्यंत अखंड ठेव. गाठ आली की ती सपाट करायच्या फंदात पडू नकोस. भोवती लाकूड जास्त ठेवून उंचवटा तसाच राहू दे. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेतली धनुष्यंही अशीच, गाठींचा मान राखून तासलेली आहेत.

खरा वेळ जातो तो धनुष्याचे दोन्ही बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकवण्यात. थोडं खरवड, तीसेक वेळा हलकेच ओढून सोड, मगच पुन्हा बघ. जिथे बाहू ताठ दिसतो तिथलंच लाकूड काढायचं; जिथे जास्त वाकतो तिथे कानस लावायचीच नाही. आणि हो, यू विषारी असते. घासताना मास्क हवाच, भुसा स्वयंपाकघरापासून लांब.