मालिकेचा टीआरपी घसरला की वाहिन्या आधी वेळ बदलतात आणि मग ती घाईघाईने का गुंडाळतात?

रात्री साडेआठला नेमाने पाहत असलेली मालिका आधी साडेदहाला गेली, मग दुपारी, आणि बघता बघता संपली, असं का होतं, हे तुम्ही विचारलंय. माझं उत्तर थोडक्यात असं: आपल्याच निर्णयाचा परिणाम मोजून हातात येण्याआधी वाहिनी पुढचा निर्णय घेते. खालचा हिशेब पाहिलात तर लक्षात येईल.

टीआरपीचे आकडे 2015 पासून बार्क ही संस्था देते. काही निवडक घरांत मीटर असतो. तो आवाजात मिसळलेल्या खुणेवरून वाहिनी ओळखतो, आणि टीव्हीसमोर कोण बसलंय हे घरातल्या माणसाने बटण दाबून सांगायचं असतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने 2025 मध्ये दिलेल्या आकड्यानुसार देशातल्या सुमारे 23 कोटी टीव्ही घरांपैकी 58 हजार घरांत असे मीटर आहेत. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. रेटिंग दर मिनिटाच्या सरासरीवर निघतं. म्हणजे एखाद्याने अर्ध्या तासातली पंधराच मिनिटं पाहिली, तर तो निम्माच मोजला जातो.

आता समजा, महिन्याची 1 तारीख गुरुवारी आली आणि आकडा पडलेला दिसला. तो आकडा सहा दिवसांपूर्वी संपलेल्या आठवड्याचा आहे. 2 तारखेला बैठक होते: नायिका फार सोसते, ट्रॅक (कथेचा धागा) बदला. नवीन प्रसंग लिहून, मंजूर करून घेऊन, शूट आणि एडिट होऊन पडद्यावर यायला सोमवार, 12 तारीख उजाडते, कारण मधल्या दिवसांचे एपिसोड आधीच तयार असतात. 12 तारीख ज्या आठवड्यात येते तो संपतो 16 ला आणि त्याचा आकडा येतो गुरुवारी, 22 ला. एका बदलाचं फळ कळायला तीन आठवडे लागतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. पण मध्ये 8 तारखेचा गुरुवार येतो, 15 चा येतो. दोन्ही आकडे जुन्याच ट्रॅकचे, त्यामुळे ते पडलेलेच असणार. तरी त्यांच्याकडे पाहून दुसरा बदल होतो, मग तिसरा.

याची झळ सेटवर कशी बसते ते बघा. आठवड्याला सहा एपिसोड म्हणजे रोज साधारण 22 मिनिटांचं चित्रीकरण पदरात पडायलाच हवं. वरून नवा ट्रॅक आला की हाताशी असलेली बँक, म्हणजे चार-पाच तयार एपिसोडचा साठा, कापली जाते, तयार सीन बाजूला पडतात, संवाद सकाळी सेटवर मोबाइलवर येतात आणि कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसून ते पाठ करतात. कालपर्यंत समंजस असलेली जाऊ आज एकदम कारस्थानी का झाली, हे लेखकालाही जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो. प्रेक्षकाला मात्र ते पहिल्याच मिनिटाला खटकतं आणि तो रिमोट उचलतो. मालिका खरी इथे मरते. मग खापर फोडलं जातं ते लेखकावर किंवा प्रेक्षकांच्या आवडीवर, याचा मला मनापासून राग येतो.

वेळ बदलण्यामागे वाहिनीचं एक खरं कारण आहे. आठच्या मालिकेचा प्रेक्षक उठला नाही तर तो आयता साडेआठच्या मालिकेला मिळतो. मधली मालिका दुबळी असेल तर नऊची आणि साडेनऊचीही खाली येते, आणि जाहिरातीचे दर याच संध्याकाळच्या पट्ट्यावर ठरतात. म्हणून दुबळी मालिका मधून काढून कडेला ठेवतात. पण पाहणाऱ्याचं घर घड्याळावर चालतं. साडेआठला जेवताना जे लावलं जातं ते साडेदहाला कोणी शोधत बसत नाही, कारण सकाळी सहाला डबा करायचा असतो. त्यात नव्या वेळेचा प्रोमो चार दिवस चालतो आणि तिच्या जागी येणाऱ्या मालिकेचा महिनाभर.

जुन्या, मुरलेल्या मालिकेला हे थोडं तरी झेपतं. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर 2019 मध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू झाली, मार्च 2024 मध्ये दुपारी अडीचला गेली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये संपली. वेळ बदलली तेव्हा चार वर्षांहून जास्त काळाचा प्रेक्षक पाठीशी होता. तीन महिन्यांच्या मालिकेपाशी अशी पुंजी नसते.

निर्मात्याने बंद होणारी मालिका दुसऱ्या वाहिनीवर का नेऊ नये, असंही लोक विचारतात. साधारणपणे मालिकेचा खर्च वाहिनी देते आणि हक्क वाहिनीकडेच राहतात, त्यामुळे नाव आणि पात्रं उचलून शेजारच्या वाहिनीवर जाता येत नाही.

मालिका संपत आल्याच्या खुणा: तिचे प्रोमो बंद होतात, बाहेरची चित्रीकरणं थांबून सगळं घराच्या दिवाणखान्यात घडू लागतं, एकाएकी लीप येतो (कथा काही वर्षं पुढे उडी मारते), आणि नव्या मालिकेचा प्रोमो वेळ न सांगता झळकू लागतो. हे दिसलं की वाहिनीला लिहा, पण नुसतं ‘बंद करू नका’ म्हणू नका. कोणत्या वेळी घरातले कोण पाहतात आणि नवी वेळ का जमणार नाही, ते सांगा. बीसीसीसी या वाहिन्यांविषयीच्या तक्रार परिषदेकडे तक्रार करून उपयोग नाही, ती कार्यक्रमातल्या मजकुराविषयीच्या तक्रारी ऐकते. ॲपवर पाहिलंत तर ते टीआरपीत धरलं जात नाही, ॲपचा हिशेब वेगळा असतो. घरात मीटर नसेल तर टीव्हीवर पाहिलेलंही मोजलं जात नाही, त्यामुळे ‘सगळ्यांनी आज टीव्ही लावा’ अशा मोहिमांनी आकडा हलत नाही.

वाहिन्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. एका बदलानंतर तीन गुरुवार थांबावं आणि तोवर वेळेला हात लावू नये. आणि बंदच करायची असेल तर लेखकाला चार आठवडे आधी सांगावं. सहा दिवसांच्या आठवड्याने 24 एपिसोड होतात. तेवढ्यात खलनायिकेचं बिंग फुटू शकतं, हरवलेली माणसं भेटू शकतात, अर्धवट सोडलेला वाड्याचा खटला निकाली निघू शकतो. आज बऱ्याचदा जेमतेम आठवडाभर मिळतो आणि सगळं शेवटच्या दोन एपिसोडमध्ये कोंबावं लागतं.