बघतो दहा चॅनल, पैसे दोनशेचे का?

प्रश्न: केबल घेतली तेव्हा बिलाचं काही वाटायचं नाही, आता मात्र दर थोड्या दिवसांनी वाढतच चाललंय. टीव्ही तोच, वायर तीच, आणि आम्ही बघतो पण तेच दहाबारा चॅनल. विचारलं की एकच उत्तर, वरून वाढलंय. हे वरून म्हणजे नक्की कुठून हो? की आम्हालाच येड्यात काढतायत?

उत्तर: "वरून वाढलंय" ऐकलं की डोकं फिरतं हे मान्य, पण त्यात बरंच तथ्य आहे. तुमच्या बिलातला मोठा हिस्सा केबलवाल्याच्या खिशात राहतच नाही, तो जातो चॅनलच्या मालकांकडे. पे चॅनलवाले, म्हणजे फुकट न दिसणाऱ्या चॅनलांचे मालक, केबल कंपनीकडून दर महिन्याला दर ग्राहकामागे पैसे घेतात. तुम्ही तो चॅनल लावता की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, तुमच्या पॅकमध्ये तो आहे ना, मग तुमच्या नावाचे पैसे गेले. आणि हे करार काही वर्षांनी संपतात, नवीन करताना रेट खाली आला असं क्वचितच होतं.

आता चॅनलवाले रेट का वाढवतात, तर सगळ्यात मोठं कारण खेळ. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच सीझनचे हक्क 2022 च्या लिलावात टीव्ही आणि डिजिटल मिळून 48,390 कोटी रुपयांना गेले. अमेरिकेत एनएफएल फुटबॉलचे 2021 साली झालेले अकरा वर्षांचे करार तर 100 अब्ज डॉलरच्या वर आहेत. एवढा पैसा नुसत्या जाहिरातीतून निघत नाही, मग तो कुणाकडून काढायचा? सगळ्यांकडून. ज्या घरात आयुष्यात कुणी मॅच बघितली नाही त्या घराकडून पण, कारण स्पोर्ट्स चॅनल त्यांच्याही पॅकमध्ये कोंबलेला असतो.

हे कोंबणं हाच खरा खेळ आहे असं माझं मत. एक हिट चॅनल हवा असेल तर आमचे बाकीचे पण घ्या, असं चॅनलवाले केबल कंपनीला सांगतात आणि कंपनी तेच पुढे आपल्या गळ्यात मारते. याचा एक भारी किस्सा अमेरिकेतला. तिथे 1992 च्या कायद्याने अँटेनावर फुकट दिसणाऱ्या स्टेशनांना केबल कंपन्यांकडे मोबदला मागायचा हक्क दिला. कंपन्या म्हणाल्या रोख पैसे देणार नाही. मग तोड निघाली की पैसे नकोत तर आमच्या नवीन चॅनलला जागा द्या, आणि त्यातूनच 1993 मध्ये ईएसपीएन टू आणि 1994 मध्ये एफएक्स घराघरात पोचले. पुढे या चॅनलांचे पण रेट लागले आणि नंतर त्या स्टेशनांनी रोख पैसे पण घ्यायला सुरुवात केली ती केलीच. आणि हा कायदा कशासाठी होता माहितीये? केबलचे दर आटोक्यात आणण्यासाठी!

प्रश्न: मग केबल कंपनी नाही का म्हणत नाही? एकदा ठणकावून सांगावं ना.

उत्तर: सांगतात की, आणि मग आपल्याच टीव्हीवर काळोख होतो. 31 ऑगस्ट 2023 ला अमेरिकेत डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचं फाटलं आणि चार्टरच्या जवळजवळ दीड कोटी घरांतून ईएसपीएनसकट डिस्नेचे चॅनल गायब झाले, तेही यूएस ओपन टेनिस चालू असताना. 11 सप्टेंबरला सोमवारची एनएफएल मॅच सुरू व्हायच्या काही तास आधी तोडगा निघाला, यावरूनच कळतं की कुणाला कशाची घाई होती. भारतात पण फेब्रुवारी 2023 मध्ये नवीन दरांचे करार सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे चॅनल मोठ्या ब्रॉडकास्टरनी बंद केले होते. अशा वेळी ग्राहक शिव्या घालतो तो केबलवाल्याला, कारण फोन नंबर त्याचाच असतो ना आपल्याकडे.

प्रश्न: सरकार काय झोपलंय का? दर बांधून द्यायला काय जातंय?

उत्तर: बांधून बघितलेत. भारतात ट्रायने, म्हणजे टेलिफोन आणि टीव्ही सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 ला नियम काढले, ते कोर्टकचेरी होऊन 2019 पासून लागू झाले, की प्रत्येक चॅनलची किंमत छापा आणि ग्राहकाला हवे तेच घेऊ द्या. कागदावर एकदम झकास. झालं काय, तर 19 रुपयांपर्यंतचाच चॅनल पॅकमध्ये टाकता येईल अशी अट होती, म्हणून कितीतरी लोकप्रिय चॅनलांनी बरोब्बर 19 रुपये किंमत लावली आणि पॅक मात्र स्वस्त ठेवला. म्हणजे सुटे घ्यायला गेलं की महाग, पॅक घेतला की नको असलेले पंधरा चॅनल सोबत. मग ट्रायने ती मर्यादा 12 वर आणली, भांडणं झाली, 2022 मध्ये परत 19. केबलच्या दर महिन्याच्या मूळ जोडणी शुल्कावर 130 आणि 160 रुपयांची मर्यादा होती ती पण जुलै 2024 मध्ये काढून टाकली. अमेरिकेत तरी काय वेगळं, 1984 ला दर मोकळे सोडले, 1992 ला आवळले, 1996 च्या कायद्याने परत सोडायचं ठरलं. एक भोक बुजवलं की दुसरीकडून गळती.

प्रश्न: आमच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी केबल सोडून ओटीटी घेतलं. गिऱ्हाईक पळतंय म्हटल्यावर दर कमी व्हायला हवेत ना?

उत्तर: साधा हिशोब तसाच सांगतो, पण इथे उलटं होतं. वायर, मशीनरी, ऑफिस, माणसं यांचा खर्च घरं कमी झाली म्हणून कमी होत नाही, तो उरलेल्यांवर वाटला जातो. चॅनलवाल्यांचं पण तेच, ग्राहक घटले म्हणून दर ग्राहकामागचा रेट वाढवायचा. वर जे उरलेत ते सहसा बदलणारे नसतात, सिरीयल आणि मॅच यांना सोडवत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. ऑफर कुणाला, तर नवीन येणाऱ्याला. जुना माणूस गप भरतोय तोवर भरू दे. आणि ज्या कंपन्या त्याच वायरवरून इंटरनेट विकतात त्यांना टीव्हीचा ग्राहक गेला तरी फारसं दुखत नाही, इंटरनेटमध्ये सुटतं त्यांचं.

प्रश्न: बरं, मग आम्ही करायचं काय?

उत्तर: नुसता एकूण आकडा बघू नका, पूर्ण बिल मागा. पॅक, जोडणी शुल्क, बॉक्सचं भाडं, दुसऱ्या टीव्हीचे पैसे, टॅक्स हे सगळं वेगळं असतं आणि वाढ बऱ्याचदा या बारीकसारीक ओळींत लपते. अमेरिकेत तर जाहिरातीत एक दर आणि बिलात वरून वेगळी फी हा प्रकार इतका माजला की 2024 मध्ये तिथल्या एफसीसी या सरकारी नियामक संस्थेला नियम करावा लागला, पूर्ण किंमत एकाच आकड्यात दाखवा म्हणून. मग महिनाभर घरात खरंच काय लागतं ते लिहून ठेवा आणि त्यावरून पॅक ठरवा, कधी सुटे परवडतात कधी छोटा पॅक, दोन्हीची बेरीज करून बघितल्याशिवाय कळत नाही. कनेक्शन बंद करतोय म्हणून फोन केला की कधी कधी अचानक जुन्यांसाठी पण ऑफर निघते, करून बघायला हरकत नाही. आणि पॅक बदलला की पुढचं बिल नीट तपासा, बदल सांगितलेला असतो पण सिस्टीममध्ये जुनाच पॅक चालू राहतो.