थंडीत मुंबईत समुद्रपक्षी बघायला कुठे आणि कधी जावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबर-जानेवारीत मुंबईत समुद्रपक्षी बघायचे तर कुठे जायचं, बोट लागतेच का, आणि डॉल्फिन दिसतात का. जागा सांगतो, पण आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, बाकी सगळं नंतर.

लोक रविवार आहे म्हणून सकाळी आठला शिवडीला पोचतात. ओहोटी असली तर फ्लेमिंगो पार लांब, चिखलात गुलाबी ठिपके, आणि पूर्ण भरती असली तर चिखलच नाही, नुसतं पाणी, मग घरी येऊन म्हणतात शिवडीत आता काही राहिलं नाही. भरतीच्या आधीचे दोनेक तास धरा, पाणी चढायला लागलं की पक्षी आपोआप किनाऱ्याकडे सरकतात, फ्लेमिंगोंबरोबर चिखल्या, तुतवार असली बारकी मंडळीपण. वेळ काढायचा जुना हिशोब असा, तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की भरतीची वेळ आली, म्हणजे अष्टमीला सहा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. तासभर इकडेतिकडे होतं, मोबाईलवर टाइड टेबल असतंच. शिवडीचं तोंड पूर्वेला, सकाळी ऊन थेट डोळ्यात, म्हणून मी तरी पंचमी धरतो, भरती साडेतीन-चारला, दोनला जाऊन उभं राहायचं, ऊन पाठीवर.

कुरव म्हणजे सीगल बघायचे तर गेटवेवरून एलिफंटाची साधी लाँच पकडा, दुर्बीण नसली तरी चालेल कारण ते हातभर अंतरावर उडत येतात. कारण सांगायला नको, लोक गाठिया आणि कुरकुरे उडवतात. प्लीज तुम्ही नका टाकू, पक्षी तसेही लाँचच्या मागे असतातच, आणि तो मसाला काय त्यांचं अन्न आहे का. त्यापेक्षा डोळे बघा. पिवळट-पांढरा डोळा आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असेल तर तो मोठा ब्राउन-हेडेड गल, लडाख-तिबेटकडच्या तलावांवर अंडी घालून इथे आलेला. डोळा काळाभोर आणि अंगाने थोडा बारीक असेल तर ब्लॅक-हेडेड. नावात काळं-तपकिरी डोकं आहे पण थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच, कानामागे फक्त एक काळा डाग, मार्चकडे टोप्या चढायला लागतात आणि मग लवकरच निघून जातात. पिल्लांचे डोळे मात्र दोघांचेही गडद, तिथे पंखच बघावे लागतात.

बूबी वगैरे खोल समुद्रातले पक्षी थंडीत किनाऱ्यावर शोधत बसू नका, ते पावसाळ्यात वादळात भरकटून, दमून येतात.

डॉल्फिन आहेत, हम्पबॅक जातीचे, किनाऱ्याला धरून राहणारे. वारा पडलेला असेल तेव्हा सकाळी वरळी किंवा बँडस्टँडवरून पाण्यावर नजर ठेवा, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावर छोटा पंख वर येतो, की लगेच गायब. गॅरंटी कोणी देत असेल तर पैसे देऊ नका.

आणि हो, सोमवारी एलिफंटाची लेणी बंद असतात, त्या दिवशी मांडव्याची बोट धरा, कुरव तिच्याही मागे लागतात.