नागरिकत्व एकाने घ्यायचं की दोघांनी?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको न्यूझीलंडचे नागरिक, पाच वर्षं सलग ब्रिस्बेनमध्ये नोकरी करतोय. ऑकलंडचं घर भाड्याने दिलंय, भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) ठेव आहे. सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाईल. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व फक्त यांनी घ्यावं आणि घर, ठेव माझ्या नावावर करावी, म्हणजे टॅक्स वाचेल, असं वाटतं. चालेल का?

उत्तर: ताई, नागरिकत्व जरूर घ्या, पण ही वाटणी करू नका. तिने एक डॉलरही वाचणार नाही.

पूर्वी आधी पीआर, म्हणजे कायम निवासाचा परवाना, काढावा लागे. १ जुलै २०२३ पासून ४ वर्षं राहिलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकाला थेट अर्ज करता येतो. आज न्यूझीलंडच्या नागरिकांना मिळणाऱ्या ४४४ व्हिसावर असल्यामुळे टॅक्सच्या हिशेबात तुम्ही तात्पुरते रहिवासी आहात, म्हणून ऑकलंडच्या भाड्यावर आणि ठेवीच्या व्याजावर ऑस्ट्रेलियात टॅक्स लागत नाही. पण या सवलतीसाठी जोडीदाराचाही दर्जा बघतात. यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली की त्या दिवसापासून तुमचीही सवलत गेली, मालमत्ता कुणाच्याही नावावर असो. भाड्यावर न्यूझीलंडमध्ये भरलेल्या टॅक्सची वजावट मिळेल. एनआरई व्याज मात्र भारतात करमुक्त, त्यामुळे वजावटीला काहीच नाही. त्यावर इथे पूर्ण टॅक्स बसेल.

तरीही घ्या म्हणतो, ते मुलासाठी. युनिव्हर्सिटीत सरकारी अनुदानाची जागा त्याला आजही मिळेल, पण नागरिक नसल्यामुळे सहसा फी रोख भरावी लागते. नागरिकाला हेक्स-हेल्प हे फीसाठीचं सरकारी कर्ज मिळतं, आणि पगार ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच ते फेडायचं असतं. तो सोळाच्या वर असल्यामुळे तुमच्या अर्जात बसणार नाही, त्याचा अर्ज वेगळा करायचा. कर्जासाठी नागरिकत्वाच्या मंजुरीचं पत्र पुरत नाही. सत्राच्या सेन्सस डेटच्या (त्या सत्राची फी पक्की होण्याच्या तारखेच्या) आत शपथ झालेली हवी.

घर घाईने विकू नका. सवलत संपते त्या दिवशीचा बाजारभाव हीच ऑस्ट्रेलियाच्या कॅपिटल गेन्स टॅक्ससाठी तुमची खरेदी किंमत धरतात, आधीची वाढ मोजत नाहीत. म्हणून त्या तारखेचा, नोंदणीकृत व्हॅल्युअरच्या (घराची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाच्या) सहीचा रिपोर्ट हवाच. माझ्याकडच्या एका जोडप्याने तो केला नव्हता. तीन वर्षांनी घर विकताना आम्ही शेजारच्या घरांच्या जुन्या जाहिराती चाळत बसलो होतो.

मुलाचा अर्ज याच आठवड्यात भरा. तुम्हा दोघांपैकी पहिल्याच्या शपथविधीचं पत्र आलं की ऑकलंडच्या व्हॅल्युअरला फोन करा.