दृष्टीभय असेल तर कुठला डोंगर निवडावा?

ताई, कलावंतीण सुळक्याच्या अर्ध्यातून तुम्ही बसत बसत खाली आलात आणि आता अलिबाग-पालीकडचा झेपेल असा डोंगर विचारताय. यात कमीपणा अजिबात मानू नका. हे दृष्टीभय आहे, म्हणजे खाली उघडी दरी दिसली की वाटणारी भीती, दमाशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच 'सोपा', 'मध्यम' या शिक्क्यांवर जाऊ नका, ते बहुतेक वेळा दमछाकीवरून मारलेले असतात. जाऊन आलेल्याला दोनच गोष्टी खोदून विचारा: वाटेच्या कडेला दरी उघडी आहे का, आणि उतरताना पायाखाली काय येतं?

'पायऱ्या आहेत' एवढ्यावर तर मुळीच विसंबू नका. कलावंतीणच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, उंच, बाजूला धरायला काही नाही. पालीच्या सरसगडाच्याही कोरीव आणि चांगल्याच उभ्या. तो सध्या सोडा. याउलट कनकेश्वर. मापगावातून देवळापर्यंत ७०० च्या वर पायऱ्या आहेत, पण बांधीव, आणि वाटेला झाडी. गायमांडी, देवाची पायरी असे थांबे घेत घरातली वयस्कर माणसंही वर जातात. सुरुवात इथूनच करा. फक्त पावसाळ्यात नको, दगडाला शेवाळ धरतं.

ते जमलं की सागरगड. अलिबागजवळच्या खंडाळे गावातून धोंडाण्याच्या धबधब्याच्या बाजूने सिद्धेश्वराचं देऊळ, मग माचीवरची वस्ती आणि पुढे गड. वाट मळलेली आहे. वर गेल्यावर वानरलिंगीचा सुळका बघायला सगळे कड्याकडे धावतात, तुम्ही दहा पावलं मागेच थांबा. तिथूनही समुद्र दिसतो, मन भरतं.

सुधागडाला ठाकूरवाडीकडून शिडी लागते. धोंडसेची वाट लांब आहे, पण शिडी टळते आणि थेट महादरवाजात पोचवते. गड तोच, वाट बदलली की अनुभव बदलतो.

आता घसाऱ्याचं, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उताराचं. डिसेंबरात डोंगराच्या एका सोंडेवरून उतरताना वाळल्या गवताखालचा मुरूम माझ्या टाचेखालून सरकला आणि मी तीन-चार हात घसरत गेलो. तळहात सोलले. दरी नव्हती म्हणून निभावलं. चूक माझीच होती, अंग मागे टाकून टाचेवर उतरत होतो. गुडघे थोडे वाकवा, पाऊल लहान टाका, पूर्ण तळवा टेकवा, उतार जास्त असेल तर आडवं पाऊल ठेवा. हातात काठी असू द्या. सोबत्याला दरीच्या अंगाने चालायला सांगा, माणूस आड आला की नजर खाली जात नाही. उतरताना तो एक पाऊल पुढे असावा. आणि गर्दीचा रविवार टाळा, मागून घाई करणारे असले की पाय हमखास चुकतो.

कनकेश्वर करून आलात की पाय नेमका कुठे अडला ते इथे लिहा. त्यावरून सागरगड कधी करायचा ते ठरवू.