हिरवळीतली ओकची रोपं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अंगणात मोठा ओक आहे आणि त्याच्याभोवती हिरवळ. मागच्या पानगळीत एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, नुसता सडा पडला होता. आता वसंतात गवतातून ढिगानं रोपं वर आली आहेत. उपटायला गेलं की शेंडा हातात येतो आणि पंधरवड्यात त्याच जागी दोन फुटवे दिसतात. काय चुकतंय?

उत्तर: रोप चुकीच्या जागी तुटतंय. ओकची बीजदलं घेवड्यासारखी जमिनीच्या वर येत नाहीत. ती फळाच्या कवचातच, मातीत किंवा मातीला टेकून राहतात आणि तिथूनच कोंबाला अन्न पुरवतात. शेंडा तुटला की बीजदलांच्या बेचक्यातले सुप्त डोळे जागे होतात, म्हणून एकाच्या जागी दोन. शिवाय कोंब वर दिसायच्या आधीच सोटमूळ खाली उतरलेलं असतं. बोटभर उंचीच्या रोपाचं मूळ वीतभर खोल असणं अगदी नेहमीचं.

आधी एकच रोप हलक्या हातानं खणून नीट पाहा. उकललेलं तपकिरी कवच दिसेल, त्यातून बाहेर आलेले दोन आखूड, जाडसर देठ दिसतील. हे देठ जिथे मिळतात तिथून खोड वर गेलेलं असतं आणि मूळ खाली. तो सांधा बाहेर आला पाहिजे. त्याच्या खालचा मुळाचा तुकडा मातीत राहिला तरी बिघडत नाही, कारण बी पासून आलेल्या कोवळ्या रोपात पुन्हा फुटणारे डोळे सांध्याशी असतात, खालच्या मुळावर नाही.

चांगला पाऊस होऊन गेल्यावर, वाफसा आला की हे काम काढा. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी १५ सेंमी खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. चिखलात काम करू नका, गवताची मुळं उखडतात आणि माती दबते. रोप अगदी मातीलगत धरा आणि हिसका न देता सरळ वर ओढा. फळासकट निघालं तर त्या रोपाचं काम संपलं. निघत नसेल तर जोर लावू नका. अरुंद पात्याचं खुरपं किंवा तण काढायचा लांब काटा खोडाला लागून तिरका १० ते १२ सेंमी खाली घाला, माती उचला, मग ओढा. दोन-तीन वर्षांच्या रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ मिळतात ती जागा, पेन्सिलीएवढी जाड झालेली असते. ते ओढून येत नाही. कुदळीच्या अरुंद पात्यानं मानेखाली ५ ते ७ सेंमीवर मूळ तोडा. खड्डा मातीनं भरून पायानं दाबा, मोठा असेल तर वर गवताचं बी टाका.

पहिल्या वसंतातले पहिले काही आठवडे फार मोलाचे आहेत. तेव्हा फळ रोपाला चिकटलेलं असतं आणि मूळ बारीक असतं. त्या दिवसांत हातानं निघणारं रोप दोन वर्षांनी कुदळ मागतं.

प्रश्न: मोवर फिरवत राहिलं तर ती आपोआप मरतील ना?

उत्तर: बरीचशी मरतील. प्रत्येक कापणीनंतर रोप साठवलेलं अन्न खर्चून नवी पानं काढतं. ती पुन्हा कापली गेली की साठा संपत जातो. त्यासाठी वाढीच्या सबंध हंगामात कापणीत खंड पडता कामा नये. महिनाभर मोवर बंद राहिला की रोप खर्चलेलं परत मिळवतं. उंची ६ ते ८ सेंमी ठेवा. रोपं मरावीत म्हणून गवत २-३ सेंमीपर्यंत खरवडलं तर ओकच्या मुळाला काहीच होत नाही, गवत मात्र विरळ पडतं आणि मोकळ्या जागेत पुढची रोपं जोमानं येतात.

दोन हंगाम कापूनही जी टिकतात ती खुरटी असतात, पानं आडवी पसरलेली, खाली लाकडासारखा टणक खुंट. अनवाणी चालताना तो पायाला टोचतो. ती मोवरला दाद देणार नाहीत, खुणा करून खणूनच काढा.

प्रश्न: एकॉर्न रुजूच नयेत म्हणून उगवणीपूर्वीचं तणनाशक टाकावं का?

उत्तर: नको. ही औषधं मातीच्या वरच्या पातळ थरात काम करतात आणि तिथे रुजणाऱ्या बारीक बियांना रोखतात. एकॉर्नमधला अन्नसाठा एवढा मोठा असतो की त्याचा कोंब तो थर भेदून वर येतो. उलट त्या जागी तुम्ही गवताचं बी टाकलंत तर तेच उगवत नाही.

फळं गोळा करणं हाच खरा प्रतिबंध आहे, आणि ते कधी करायचं हे ओकच्या जातीवर ठरतं. पानांच्या पाळ्या, म्हणजे कडेचे बाहेर आलेले भाग, गोलसर असतील तर झाड बहुधा पांढऱ्या ओकच्या गटातलं. याची फळं पडल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच पानगळीत, मूळ सोडतात. ती आठवड्याला गोळा करा. पाळ्या टोकदार आणि टोकाशी केसासारखा काटा असेल तर झाड लाल गटातलं. त्याच्या फळांना रुजण्याआधी थंडीचा काळ जावा लागतो, ती वसंतात रुजतात, त्यामुळे हाताशी सवड असते. (खारींनाही हा फरक कळतो. पांढऱ्या गटातलं फळ पुरण्याआधी त्या पुष्कळदा त्याचा अंकुर कुरतडून टाकतात, म्हणजे ते रुजत नाही आणि टिकतं.)

दाताळ्यानं गोळा करणार असाल तर पाचोळा साचायच्या आत करा. तारेच्या पिंजऱ्याचं ढकलायचं रोलर मिळतं, त्यानं वाकावं लागत नाही. फळं सबंध अवस्थेत कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथेही रुजतात. घोडे, गुरं किंवा कुत्री पोचतील अशा जागी ढीग ठेवू नका, त्यातलं टॅनिन त्यांना विषारी ठरतं. फळांचा भरघोस बहर दरवर्षी नसतो, साधारण २ ते ५ वर्षांनी एकदा येतो. त्या वर्षी नेटानं गोळा केलंत तर पुढच्या वसंतातलं बहुतेक काम वाचतं.

प्रश्न: रोपं इतकी आहेत की खणणं शक्य नाही. कोणतं तणनाशक चालेल?

उत्तर: सरसकट फवारणी करू नका. ग्लायफोसेट गवतही मारतं. हिरवळीवरच्या नेहमीच्या मिश्रणांतल्या २,४-डी नं ओकची पानं वळतात, रोप पुष्कळदा सावरतं. डायकांबा असलेलं मिश्रण तर झाडाजवळ वापरूच नका. ते मातीतून मोठ्या झाडाच्या मुळांना लागतं, आणि ती मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच पसरलेली असतात.

वापरायचंच असेल तर कापून लावा. रोप १-२ सेंमीवर कात्रीनं कापायचं आणि पाच मिनिटांच्या आत ताज्या कापावर ब्रशनं ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायर लावायचं. उशीर झाला की काप सुकतो आणि औषध आत जात नाही. ट्रायक्लोपायर हरळीसारख्या गवतांनाही इजा करतं, म्हणून थेंब सांडू देऊ नका. त्याच्या एस्टर प्रकाराची कडक उन्हात वाफ होऊन ती शेजारच्या झाडांना लागते, तेव्हा थंड, वारा नसलेली वेळ निवडा. प्रमाण डब्यावर दिलेलंच घ्या.

व्हिनेगर आणि उकळतं पाणी वरची पानं जाळतात, खालचे डोळे तसेच राहतात. मीठ टाकू नका. त्यानं माती बिघडते आणि गवत, मोठं झाड, दोघांनाही त्रास होतो.

प्रश्न: काही रोपांखाली फळ सापडत नाही. खणलं की जाड आडवं मूळ लागतं.

उत्तर: थांबा, आणि त्यांना कोणतंही औषध लावू नका. हे मोठ्या झाडाच्याच मुळावरचे फुटवे आहेत, औषध सरळ झाडात जाईल. अमेरिकेच्या दक्षिण भागातला लाइव्ह ओक असे फुटवे भरपूर काढतो. जुन्या रोपाचंही फळ कुजून गेलेलं असतं, म्हणून ओळख मुळावरून करा. बियाचं रोप असेल तर मूळ सरळ खाली जातं, फुटवा असेल तर तो आडव्या मुळाला जोडलेला असतो. फुटवे नियमित कापत राहणं एवढंच करता येतं. फारच दाट असतील तर तिथलं गवत काढून ५ ते ८ सेंमी लाकडी भुश्श्याचं आच्छादन करा, खोडापासून थोडं दूर ठेवून. फुटवे त्यातूनही येतील, पण छाटणं सोपं जाईल आणि मोवरही अडणार नाही. मूळ तोडू नका.

प्रश्न: यातली एक-दोन रोपं दुसरीकडे लावायची आहेत. जमेल का?

उत्तर: जमेल, मात्र पहिल्याच वर्षी, आणि शक्यतो पानं गळाल्यानंतर किंवा वसंतात नवी पालवी फुटायच्या आत. २५ ते ३० सेंमी खोल मातीचा गोळा घेऊन काढा. कुंडीत ठेवायचं असेल तर कुंडी किमान ३० सेंमी खोल हवी. उथळ कुंडीत सोटमूळ गुंडाळलं जातं आणि झाड पुढे कधीच नीट उभं राहत नाही. फळ अजून चिकटलेलं असेल तर तोडू नका, आधी होतं त्याच खोलीवर लावा. पहिल्या उन्हाळ्यात खालची माती कोरडी पडू देऊ नका, आणि भोवती बारीक जाळी लावा, नाहीतर खारी फळासाठी रोपच उकरून काढतात.